वॉकी-टॉकी घेताना किलोमीटर शेवटी विचारा

मंडळी, पावसाच्या तोंडावर काजवे बघायला आणि थंडीत तंबू ठोकून राहायला भंडारदरा-रतनवाडीकडे आता घरंच्या घरं जातात. आजी-आजोबा असतात, दुसरी-तिसरीतली मुलं असतात. तिकडे मोबाइलची रेंज कधी येते, कधी जाते, म्हणून वॉकी-टॉकी घ्यायचं ठरतं. मग दुकानात पहिला प्रश्न असतो, हा किती किलोमीटर चालतो?

खोक्यावरचा आकडा मोकळ्या, अडथळा नसलेल्या जागेचा असतो. या संचांच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. जमिनीपासून दीड मीटरवर संच धरला, तर सपाट जागी क्षितिज साडेचार किलोमीटरच्या आत येतं. म्हणजे उभ्या दोन माणसांमध्ये फार तर नऊ. आणि सह्याद्रीत सपाट जागा कुठे आहे? समोरासमोरच्या दोन माथ्यांवरून लांबवर स्वच्छ बोलता येतं, पण सांदण दरीत माणूस वळणाआड गेला की आवाज तुटायला लागतो. तिथे जास्त वॅटचा संच फारसा कामाला येत नाही. अगदी मोकळ्या जागेतसुद्धा दुप्पट अंतरासाठी चौपट शक्ती लागते, मग कातळाचं काय सांगावं!

कायद्याचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी परवान्याविना खुला आहे. साधारण अर्ध्या वॅटचे संच, सोळा चॅनेल. घरच्या सहलीला हे पुरतं. अमेरिकेतले नातेवाईक प्रेमाने तिकडचा जोड आणतात; तो ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतो, आपल्या या खुल्या पट्ट्यात बसत नाही. इथे तो वापरू नका. पाच वॅटचे स्वस्त संच ऑनलाइन दिसतात, तेही या परवान्याविना सवलतीत बसत नाहीत. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विक्रेत्याने फ्रिक्वेन्सी लिहिलेली नसेल किंवा संचाला ईटीए, म्हणजे सरकारी उपकरण-मान्यता नसेल, तर तो घेऊ नका.

आता माझ्या दृष्टीने खरी कसोटी. तुमच्या घरातलं सगळ्यात लहान मूल तो संच एका हाताने धरून बटण दाबू शकतं का? बटण कडक असेल तर मूल अर्धं वाक्य बोलतं आणि अंगठा सुटतो. चॅनेल लॉक करता येतो का, हे दुकानातच करून बघा, कारण खेळता खेळता चॅनेल बदलला की मूल बोलत राहतं आणि इकडे कुणालाच ऐकू येत नाही. आवाज ऐकून आपोआप चालू होण्याची सोय मुलांच्या संचात बंदच ठेवा. वारा, हसणं, रडणं सगळं हवेत जातं आणि बाकीच्यांना बोलायला जागा उरत नाही. आजोबांसाठी मोठा, स्पष्ट स्पीकर हवा. पेन्सिल सेलवर चालणारा संच मिळाला तर उत्तम, ते सेल गावातल्या दुकानातही मिळतात. जलाशयाच्या काठी राहणार असाल तर आयपी६७ बघा: एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो.

‘प्रायव्हसी कोड’ या नावाला भुलू नका. त्याने दुसऱ्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही इतकंच. तुमचं बोलणं त्या चॅनेलवरचा कुणीही ऐकू शकतो. त्यामुळे मुलाचं पूर्ण नाव, ते एकटं कुठे आहे, हे बोलू नये.

निघण्याआधी सोसायटीच्या आवारात सराव करा. अँटेना उभी, बटण दाबून क्षणभर थांबायचं, मग बोलायचं. उत्तर आलं नाही तर उंच जागी जायचं. तेही जमलं नाही तर कुठे थांबायचं, हे मुलाला आधीच ठरवून द्या. या संचावरून पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला बोलावता येत नाही, म्हणून ११२ ला फोन लागेल अशी तंबूजवळची जागा पोचल्या पोचल्या मोठ्यांपैकी कुणीतरी शोधून ठेवा.