मेथीची जुडी, तुर्भे ते वागळे इस्टेट

(पहाटे पावणेतीन. तुर्भे, भाजीपाला मार्केट. रिव्हर्स घेणारे ट्रक, हमालांच्या हाका.)

मुंबई झोपते की नाही यावर वाद घालता येईल. तुर्भ्याचं भाजी मार्केट मात्र झोपत नाही. 1996 साली फळं आणि भाजीपाल्याचा घाऊक बाजार मुंबईतून इथं हलला, तेव्हापासून ही वेळ अशीच. नाशिक-जुन्नरकडच्या गाड्या लागल्यात. माथाडी कामगार गोण्या उतरवतायत. ओल्या गोणपाटाखाली मेथी रचून ठेवलीय, अजून गार.

आजचा भाव शेकडा बाराशे. म्हणजे जुडीला बारा रुपये. हीच जुडी सकाळी नऊ वाजता ठाण्यात, नौपाड्याच्या नाक्यावर पंचवीसला जाईल.

मधले तेरा रुपये कुणी खाल्ले? आपलं बोट लगेच दलालाकडे वळतं. थांबा. आधी जुडीबरोबर ठाण्यापर्यंत जाऊन येऊ.

(टेम्पोच्या मागच्या बाजूने: ठाणे-बेलापूर रोड, दिवे मागे पळतात.)

नौपाड्याच्या नाक्यावर भाजी विकणाऱ्या मावशींनी दोनशे जुड्या उचलल्या. तिघी भाजीवाल्यांनी मिळून एक छोटा हत्ती ठरवलाय, भाडं तिघींत. फळं-भाजी 2016 मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाली, तेव्हा अडत, म्हणजे दलालाचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. शेतकऱ्याच्या पट्टीतून कापला जाणारा पैसा वाचला, चांगलंच झालं. पण खरेदीदार म्हणजे कुणी मोठा शेठच असतो असं नाही. कधी तो टेम्पोत गोणीवर बसून डुलक्या काढत असतो.

दिघा, विटावा, कळवा. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलं, की टेम्पो अडकतो आणि पाला गरम होतो. गरम झालेली मेथी दुपारपर्यंत पिवळी पडते.

मावशींचा हिशेब त्यांच्याच तोंडून ऐकला. दोनशे जुड्यांचे चोवीसशे. अडत, हमाली, टेम्पोचा हिस्सा धरून वर पाचशे. झाले एकोणतीसशे. पंचवीसच्या भावाने एकशे दहा जातात. अकरानंतर भाव पंधरावर येतो, त्यात पन्नास. दिवेलागणीला दहाला एक, तशा वीस. उरलेल्या वीस पिवळ्या पडतात, त्या कुणी फुकट नेल्या तर नेल्या. गल्ला सदतीसशे.

“आठशे सुटले. पहाटे दोनपासून उभी आहे, ते तुम्हीच मोजा.”

तेरा रुपयांतले बरेचसे असे गेले: नासाडीत, भाड्यात आणि उतरत्या भावात. कुणा एकाच्या खिशात सापडायचे नाहीत. शेतकऱ्याकडून पाहिलं तरी चित्र फार वेगळं नाही. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी 2024 मध्ये मांडलं, की ग्राहकाच्या रुपयातले टोमॅटोमागे सुमारे 33 पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्यामागे 36, बटाट्यामागे 37.

आणि सवलती? त्या आल्या, नाही कशाला म्हणा. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंवरचे जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले, साबण-टूथपेस्ट 5 टक्क्यांवर आलं. मेथीवर जीएसटी कधी नव्हताच. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, मोटारवाल्याचे पंचेचाळीस रुपये वाचले. मावशींचा टेम्पो त्या नाक्यांवरून जातच नाही.

शहरी कुटुंबाच्या खर्चातला जवळपास 40 टक्के वाटा खाण्यापिण्यावर जातो, असं 2023-24 चं सरकारी सर्वेक्षण सांगतं. महाराष्ट्राला एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था व्हायचंय. त्यातलं किती काम या चाळीस टक्क्यांत, नाक्यानाक्यावर अडलंय, ते पुढे दिसेल.

(नौपाडा. पोळी-भाजी केंद्राचा ओटा. तव्यावर फुगणारी पोळी.)

“मावशी, पंचवीस? परवा वीस होती.”

“ताई, परवा पाऊस कुठं होता?”

केंद्र चालवणाऱ्या ताईंनी वीस जुड्या घेतल्या. मावशींच्या हिशेबातल्या पंचवीसवाल्या गिऱ्हाइकांत सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक हेच. पैसे मात्र रोज नाही, शनिवारी. केंद्रात पोळ्या लाटायला चार बायका आहेत. गॅस लागतो तो 19 किलोचा, त्यावर जीएसटी 18 टक्के; घरगुती सिलिंडरवर 5. डबा ऐंशी रुपयांचा. पाच रुपये वाढवले, की कामगार वडापावकडे वळतात. त्यामुळे मेथी महागली, तर भाजीत बटाटा वाढतो. ताई हे हसत सांगतात, पण कॅमेरा बंद करायला लावून.

यातले बावीस डबे रोज वागळे इस्टेटला, ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, जातात.

(वागळे इस्टेट. लेथ यंत्राचा आवाज, कुलंटचा वास पडद्यावर दाखवता येत नाही.)

1962 साली एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली, तिची सुरुवात याच इस्टेटीपासून. आता आजूबाजूला काचेच्या इमारती उठल्यात, तरी गल्ल्यांमध्ये लेथ अजून फिरतायत. आपण आलोय त्या वर्कशॉपमध्ये बावीस माणसं आहेत. मोठ्या कंपन्यांसाठी सुटे भाग बनतात. काम भरपूर आहे. डब्यांचं बिल दोन महिने थकलंय.

कारण वर्कशॉपच्या मालकाचंच बिल मोठ्या कंपनीकडे थकलंय. 2006 चा सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा कायदा म्हणतो, लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 1 एप्रिल 2024 पासून तर प्राप्तिकरातही मेख मारलीय: सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत खर्चाची वजावट मिळत नाही.

मालकांना विचारलं, व्याज का मागत नाही?

“मागितलं की पुढची ऑर्डर बंद. व्याज घेऊन काय लेथला तेल घालू?”

आता साखळी उलटी चालते. मोठ्या कंपनीचे पैसे अडले, म्हणून वर्कशॉपचे अडले. वर्कशॉपने डब्यांचे थकवले, म्हणून ताईंचा शनिवार पुढच्या शनिवारवर गेला. ताईंनी थकवले, की मावशींकडे पहाटेचं भांडवल उरत नाही. मग नाक्यावरच्या सावकाराकडून सकाळी नऊशे घ्यायचे, संध्याकाळी हजार परत करायचे. पथविक्रेत्यांसाठीच्या स्वनिधी योजनेतून त्यांनी पहिलं दहा हजारांचं कर्ज घेऊन फेडलंय. पण उद्या पहाटे तीनला लागणारे पैसे बँकेच्या वेळेत मिळत नाहीत.

ते शंभर रुपये मग कुठे चढतात? मेथीवर. कुठल्याशा कंपनीच्या अकाउंट्स विभागात सही न झालेल्या बिलाचं व्याज नौपाड्यातली एखादी आजी जुडीमागे भरत असते, आणि मेथी फार महाग झाली बाई म्हणत घरी जाते.

(संध्याकाळी सात. नाका. पिवळा दिवा, शेवटच्या जुड्या.)

आज वर्कशॉपच्या एका बिलाचे पैसे आले. निम्मेच, पण आले. मालकांनी ताईंचा एक महिना चुकता केला. ताई स्वतः नाक्यावर आल्या, फोन पुढे केला. मावशींच्या गाडीवरचा छोटा स्पीकर खणखणीत आवाजात रक्कम बोलला. शेजारचा लिंबूवालाही वळून बघायला लागला.

“हळू बोल रे मेल्या,” मावशी स्पीकरला म्हणाल्या, आणि टेम्पोवाल्याला फोन लावला. “उद्या दोनशे नको, अडीचशे धर.”