आवडला, आवडली की आवडलं?

(वाचनालयाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

अध्यक्षांनी माझी ओळख ‘संगणकतज्ज्ञ’ अशी करून दिली. खुलासा करतो. मी मराठीचा मास्तर. निवृत्तीनंतर वाचनालयाचं संकेतस्थळ गळ्यात पडलं, कारण आपल्या समितीत ज्याला पासवर्ड आठवतो तो तज्ज्ञ. पत्रिकेत विषय छापलाय ‘लाइक बटण कसं बसवावं’. बसवायला दहा मिनिटं लागतात, ती शेवटी काढू. आधी माझं दुखणं ऐका.

आपलं संकेतस्थळ वर्डप्रेस या तयार प्रणालीवर चालतं. तिच्यावर लाइकचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा तयार तुकडा, घेतलं, चालू केलं, आणि सेटिंगमधल्या पहिल्याच रकान्यात अडकलो. रकाना होता ‘बटणावरचा मजकूर’. इंग्रजी माणूस तिथं ‘लाइक’ लिहितो आणि जेवायला जातो. मराठी माणसाला आधी विचारावं लागतं, काय आवडलं? लेख आवडला, कविता आवडली, प्रवासवर्णन आवडलं, विनोद आवडले. बटण एक, आणि वर लिंग-वचनांची ही वरात! (मागच्या बाकावर माझे जुने विद्यार्थी हसतायत. यांनीच प्रयोग ओळखण्याचे मार्क घालवले होते.)

मी ‘आवडले’ लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता एका कवयित्रीबाईंचा फोन. “सर, माझ्या कवितेखाली ‘आवडले’ का? कविता आवडते ना?” मी म्हटलं, “बाई, ते नपुंसकलिंगी आहे.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग बाई म्हणाल्या, “कोण?”

मग ‘छान’ केलं. अविकारी विशेषण, कुठल्याही लिंगापुढे न वाकणारं. छान लेख, छान कविता, छान प्रवासवर्णन. आठवडाभर मी स्वतःवर खूश. तेवढ्यात आपले एक जुने सभासद गेले. श्रद्धांजलीचा मजकूर मीच चढवला, आणि त्याच्या खाली, काळ्या चौकटीला अगदी चिकटून, ‘छान’. शेजारी आकडा, २३. लोकांची चूक नव्हती. वाचलं, वाईट वाटलं, हे कळवायला हाताशी दुसरं काही नव्हतं. त्यांचे चिरंजीव आज इथं बसलेत. त्यांनी मला एक शब्दही ऐकवला नाही, हे त्यांचे उपकार.

नावाचा हा घोळ फेसबुकलाही चुकला नव्हता. ९ फेब्रुवारी २००९ ला त्यांचं लाइक बटण आलं, पण तयार होत असताना आतल्या मंडळींत त्याचं नाव होतं ‘ऑसम’. आणि २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांनी हसरा, रडका, रागावलेला असे चेहरे जोडले. म्हणजे श्रद्धांजलीखालच्या अंगठ्याची पंचाईत त्यांनाही सात वर्षं छळत होती.

मला उत्तर सापडलं ते गाण्याच्या बैठकीत. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “काय दाद मिळतेय बघा!” दाद! हे नाम आहे, क्रियापद नव्हे. लेखाला दाद, कवितेला दाद, प्रवासवर्णनाला दाद. एकानं दाद दिली, तेवीस जणांनी दाद दिली. ‘दिली’ हलत नाही, कारण तिचं जुळतं दादेशी. ‘एक जणांना आवडले’ हा भीषण प्रकारही टळतो. नुसतं ‘दाद : १’ लिहा. प्लगइन करणाऱ्या तमाम मराठी मंडळींनी हा शब्द—

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटं.’ बरं.

तर सेटिंग. पहिला प्रश्न, एकाच माणसानं दोनदा दाद दिली हे बटणाला कळणार कसं? आमच्या प्लगइनमध्ये ‘आयपी पत्त्यावरून’, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकावरून, हा पर्याय आधीच निवडलेला होता. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी याच सभागृहात चाळीस जणांनी आपापल्या फोनवरून बटण दाबलं. आकडा १. बाकी एकोणचाळीस जणांना निरोप, ‘आपण आधीच दाद दिली आहे.’ कारण सगळे वाचनालयाच्या वायफायवर, आणि राउटरमागच्या सगळ्यांचा बाहेरचा पत्ता एकच. मोबाइल कंपन्याही असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. म्हणून ‘कुकी’ निवडा. ती त्या त्या फोनच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी असते. ती पुसून पुन्हा दाबता येतं, हे खरं. एका कवींनी एका रात्रीत स्वतःला अठरा वेळा दाद दिली. देऊ द्या. सभासदांनाच लॉगिन करून दाबू दिलं तर आकडा चोख राहतो, पण बटण ओस पडतं.

दुसरं, कॅश. पान लवकर उघडावं म्हणून त्याची तयार प्रत ठेवलेली असते. बटण दाबलं की २४, पान पुन्हा उघडलं की २३. आकडा पानासोबत न छापता मागाहून मागवण्याची सोय प्लगइनमध्ये असेल तर ती चालू करा. शिवाय वर्डप्रेस पानात एक सुरक्षेची खूण घालतं, तिला नॉन्स म्हणतात. ती फार तर चोवीस तास चालते. तयार प्रत त्याहून जुनी झाली की बटण दिसतं, दाबलं जातं, आणि काहीच होत नाही. कॅशची मुदत बारा तासांच्या आत ठेवा.

तिसरं, परक्याचं बटण आपल्या दारात नको. फेसबुकनं २०१० मध्ये आपलं बटण इतरांच्या संकेतस्थळांवर लावायला दिलं. पुढे ते बटण लावणाऱ्या फॅशन आयडी या जर्मन कपड्यांच्या दुकानाचा खटला युरोपीय न्यायालयात गेला. तिथं दिसलं की नुसतं पान उघडलं, बटणाला हातही लावला नाही, फेसबुकवर खातंही नसलं, तरी माहिती तिकडे जात होती. २९ जुलै २०१९ ला न्यायालयानं सांगितलं, ही माहिती गोळा करून पाठवण्यापुरता दुकानदारही जबाबदार.

चौथं, प्लगइनमध्ये ‘वर्ग वगळा’ असा रकाना शोधा, म्हणजे कुठल्या प्रकारच्या मजकुराखाली बटण नको ते सांगता येतं. आपल्याकडे तिथं ‘श्रद्धांजली’ लिहिलेलं आहे.

नापसंतीचं बटण का नाही, असं मागून कुणी विचारतंय. अहो, त्यासाठी वार्षिक सर्वसाधारण सभा आहे ना!