चोथ्याचं नंतर बघू, आधी सिंकमध्ये ओततो त्या कॉफीचं बोलू

मंडळी, घरच्या कॉफीतली नासाडी कमी कशी करायची याच्या आयडिया तुम्ही चिठ्ठ्यांवर लिहून दिल्यात, त्या सगळ्या वाचल्या, आणि निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर चोथाच आहे. चोथ्याचं खत, चोथ्याचा स्क्रब, फ्रिजमधला वास जायला चोथ्याची वाटी. चांगलंच आहे ते, पण मला मनापासून वाटतं की आपण उलट्या टोकाने सुरुवात करतोय.

कॉफी पिकवण्यापासून धरलं तर 125 मिलीच्या एका कपामागे साधारण 130 लिटर पाणी लागतं, बहुतेक सगळं शेतातच, पावसाचं वगैरे. म्हणजे पॉटमध्ये उरलेला एक कप ओतून दिला की तेवढं सगळं गेलं, कागदी फिल्टर वाचवून ते कसं भरून निघणार? म्हणून माझी पहिली आयडिया वजनकाटा. चमच्याचा भरवसा नाही हो, डार्क रोस्ट म्हणजे जास्त भाजलेली कॉफी हलकी असते, लाइट रोस्ट म्हणजे कमी भाजलेली जड, चमचा तोच पण वजन वेगळं. 15 ग्रॅम पावडरला 240 मिली पाणी घ्या, त्यातलं 30 मिली तरी चोथाच धरून ठेवतो, कपात येते 210. हे एकदा कळलं की कोण किती पितंय त्याप्रमाणे बनवता येतं, आणि केटलमध्ये उगाच लिटरभर पाणी उकळत बसत नाही.

दुसरं म्हणजे दळण. पावडरीतलं वजनाने जेमतेम 18 ते 22 टक्के पाण्यात उतरतं, जाड दळलं तर त्याहून कमी, मग कॉफी पाणचट लागते आणि आपण काय करतो, तर अजून एक चमचा घालतो! त्याआधी दळण थोडं बारीक करून बघा, कडू व्हायला लागलं की थांबा.

एका ताईंनी कागदाऐवजी स्टीलचा फिल्टर सुचवलाय. कचरा कमी होतो हे खरं, पण कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो, त्याने एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, आणि कागद तो अडवतो, त्यामुळे ज्यांना तो त्रास आहे त्यांनी कागदच ठेवावा असं मी म्हणेन, तो चोथ्यासकट कंपोस्टमध्ये जातो. कंपोस्टमध्येच हां, कुंडीत थेट नको, कच्च्या चोथ्याने रोपांची वाढ खुंटते.

उरलेली कॉफी हॉटप्लेटवर ठेवू नका, थर्मासमध्ये ओता, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये.

आणि बीन्स शिळे होतात असं तिघांनी लिहिलंय. मोठं पाकीट आणलं तर त्याच दिवशी आठवड्याआठवड्याच्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका, पण पुडी बाहेर काढली की रूम टेंपरेचरला येईपर्यंत उघडायची नाही, गार बीन्सवर लगेच ओल धरते.