नवख्या चित्रासाठी भिंत

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईची बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली १८८८ साली. तिच्या वार्षिक प्रदर्शनात बक्षीस मिळणं म्हणजे चित्रकार म्हणून नाव होणं, असे दिवस पुढे आले. चित्रकार म. वि. धुरंधरांना १८९५ साली तिचं सुवर्णपदक मिळालं, अमृता शेरगिल यांना १९३७ साली. पण आज बोलायचंय ते परत आलेल्या चित्रांबद्दल.

कृष्णाजी हौळाजी आरा मोटारी धुऊन पोट भरायचे आणि उरल्या वेळात रंगवायचे. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांचं एक चित्र सोसायटीच्या प्रदर्शनासाठी नाकारलं गेलं. ती नाराजी १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या तरुण कलावंतांच्या गटामागचं एक कारण ठरली. सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे आणि आरा असे ते सहाजण. त्यांचं मुंबईतलं प्रदर्शन १९४९ साली भरलं ते रॅम्पार्ट रोवर, सोसायटीच्याच दालनात! आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. निवड समितीच्या हातून चूक होणारच. पण नाकारलेल्याला भिंत मिळत राहिली पाहिजे. आरांनी पुढे काळा घोड्याच्या आर्टिस्ट्स सेंटरचं सचिवपद सांभाळलं आणि कितीतरी नवख्यांना हात दिला.

तुमच्या गावच्या कलामंडळाला हे काम करायचं असेल, तर आधी चित्र नीट टांगता आलं पाहिजे. चांगलं जलरंगचित्र बहुतेक वेळा खराब होतं ते फ्रेमिंगमध्ये. कागद चारही बाजूंनी चिकटवतात आणि पावसाळी हवेत तो फुगला की लाटा उठतात. म्हणून फक्त वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन पट्ट्या लावा, त्याही गव्हाच्या शिजवलेल्या खळीनं. सेलोटेप नकोच, ती पिवळी पडते आणि डाग निघत नाही. माउंट, म्हणजे चित्रापुरती खिडकी कापलेला वरचा पुठ्ठा, आम्लमुक्त आणि दोन मिलिमीटर जाड घ्या, म्हणजे काच रंगाला टेकणार नाही. टेकली तर आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. साधा पुठ्ठा वापरला, तर काही वर्षांत खिडकीच्या कडेनं तपकिरी रेघ उमटते. फ्रेमच्या मागं खालच्या दोन्ही कोपऱ्यांना अर्धा सेंटिमीटर जाडीचे बुचाचे तुकडे लावा. त्यानं भिंतीची ओल चित्रात उतरत नाही.

आता खिळा. वरच्या कडा जुळवायला गेलं की लहानमोठ्या चित्रांची रांग विस्कटलेली दिसते. जुळवायचे असतात ते मध्य, जमिनीपासून १४८ सेंटिमीटरवर. फ्रेम ६० सेंटिमीटर उंच आहे असं धरा. तिची निम्मी उंची म्हणजे ३० मिळवली, की होतात १७८. आता फ्रेमची दोरी मधोमध वर ओढून बघा. ती वरच्या कडेपेक्षा ८ सेंटिमीटर खाली राहत असेल, तर ते ८ वजा करा. खिळा १७० वर. हा हिशेब प्रत्येक चित्राचा वेगळा करायचा. दोरी सगळीकडे सारखी ढिली नसते.

आणि जागावाटप. पहिल्यांदाच चित्र देणाऱ्याच्या वाट्याला दारामागची नाहीतर स्विचबोर्डाशेजारची भिंत येते, हे जिथे तिथे घडतं. त्याची जागा आधी ठरवा, पदाधिकाऱ्यांची चित्रं मागाहून लावा.