राजाची शिकार कोरड्यात, रयतेची पावसात

(कोल्हापुरातल्या एका पावसाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि ओल्या छत्र्या व्हरांड्यात ठेवून आत आलेल्या सर्व मंडळींनो,

कोल्हापुरात जुलै महिन्यात व्याख्यानाला माणसं दोन कारणांनी येतात. काहींना विषय आवडलेला असतो आणि काहींना पाऊस उघडेपर्यंत कुठंतरी बसायचं असतं. मला दोन्ही चालतात. (हशा) राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं, हे मोबाइलवर बघणारे दोघेतिघे मला इथून दिसताहेत. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. मच्छिंद्री, म्हणजे पंचगंगेला महापूर, व्हायला अजून अवकाश आहे, फोन खिशात घाला.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘पावसाळ्यातली शिकार आणि सापळे : काल, आज आणि कायदा’. त्यातला कायदा मी शेवटी घेणार आहे, म्हणजे तो घाईत उरकणार हे आत्ताच सांगून ठेवतो.

शिकार म्हटलं की आपली छाती फुगते. न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ बघत आपण लहानाचे मोठे झालो. बाहेरगावचा पाहुणा आला की आधी अंबाबाई, मग रंकाळा, मग ते वाघ. त्यात चित्त्यांची गोष्ट निघाली की विचारूच नका. कोल्हापूर संस्थान चित्त्याच्या शिकारीसाठी देशभर नावाजलेलं होतं. डोळ्यांवर कातडी टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीतून माळावर न्यायचा, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची आणि सोडायचा. इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवले, पण खेळ चालू ठेवला. आता मला सांगा, हे सगळं जुलैत होईल का? काळ्या रानात आसापर्यंत गाडी रुतलेली, चित्त्याच्या पंजाला चिखलाचा गोळा, आणि काळवीट कधीच पसार! चित्ता पळतो तो कडक, मोकळ्या जमिनीवर.

बंदुकीचं तेच. ठासणीच्या बंदुकीची दारू सादळली की घोडा पडतो, ठिणगी उडते आणि पुढं काही नाही. फासेपारध्यांचे फास तातीचे, म्हणजे आतड्याच्या दोरीचे, आणि चामड्याचे असत. तात भिजली की ढिली पडते, फास गळ्यात बसायच्या ऐवजी लोंबत राहतो. शाहू महाराजांनी याच फासेपारध्यांना जवळ केलं, कामं दिली, आणि १९१८ साली त्यांना लावलेली रोजची पोलीस हजेरी बंद केली. हा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, संयोजकांनी पुढच्या वर्षी बोलवावं. (हशा) आपल्याकडं जैन मंडळी पुष्कळ आहेत, त्यांना ठाऊक आहे की साधू चातुर्मासात एका जागी राहतात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. राजांच्या बंदुकाही त्याच चार महिन्यांत पेटीत जात, पण त्यामागं अहिंसा नव्हती, चिखल होता.

राजे लोक मासे धरत नसत असं नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर तिसऱ्यानं ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. कुठल्या माशाला काय चारायचं, गळ कसा टाकायचा, सगळं आहे. पण नावातच विनोद आहे. म्हणजे पोट भरलेल्या माणसाचा उद्योग!

तर माझं म्हणणं एवढंच आहे की राजाची शिकार कोरड्या दिवसांतली, आणि रयतेची शिकार पावसातली. राजाच्या शिकारीचे फोटो आहेत, दफ्तर आहे, पेंढा आहे. रयतेच्या शिकारीचं काय आहे? काही नाही. आणि अकलेनं बघाल तर दुसरीला जास्त अक्कल लागते.

कशी, ते सांगतो. माझं आजोळ गगनबावड्याकडचं. तिथला पाऊस म्हणजे काय, ते शिरोळकरांना सांगून पटत नाही. त्यांच्याकडं वर्षाला जेवढा पडतो तेवढा आमच्याकडं एका जोराच्या आठवड्यात पडून जातो. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढा गढूळ होऊन फुगला, की मामा संध्याकाळीच इरलं काढून ठेवायचे. चढणीचे मासे! उन्हाळाभर डोहात दडून बसलेला मासा नव्या पाण्याचा गारवा आणि गढूळपणा ओळखतो आणि प्रवाहाच्या उलटा निघतो. ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून भाताच्या खाचरात. अंडी घालायला त्याला उथळ, नुकतं भरलेलं पाणी हवं असतं. तिथं खायला भरपूर, आणि गिळणारे मोठे मासे कमी. मरळ, वाम, शिंगटी, बारक्यांचं तर नाव घ्यायची सोय नाही. खाचराच्या बांधावरून पाणी खाली पडतं, त्या पडत्या पाण्यात मासे उड्या मारताना मी पाहिलेत. रात्री कंदिलाच्या उजेडात नुसती चांदी हलायची.

आता सापळा. त्याला गावागणिक निराळं नाव आहे, त्या वादात शिरलो तर आपली मुक्कामाची सोय इथंच करावी लागेल. बांबूच्या कामट्यांचा लांबट नळा, एक तोंड रुंद, दुसरं निमुळतं आणि सुतळीनं बांधलेलं. रुंद तोंडाच्या आत कामट्यांचाच दुसरा छोटा नरसाळा बसवलेला, त्याची टोकं आतल्या बाजूला वळलेली. मासा आत शिरताना टोकं बाजूला सरतात, तो गेला की पुन्हा जवळ येतात. परत येऊ म्हटलं तर समोर टोकं. सकाळी शेपटाकडची सुतळी सोडायची आणि बुट्टीत ओतायचं. ना खिळा, ना तार, ना आमिष.

हे कुणीही विणेल. खरी गोम लावण्यात आहे. बांधाला एक मोकळी वाट ठेवायची, बाकीचं दगड, चिखल आणि गवताच्या पेंढ्यांनी बुजवायचं. मामा सापळा बसवल्यावर त्याच्या दोन्ही अंगांनी पाण्यात हात घालून बोटांनी चाचपायचे, कुठून पाणी निसटतंय का. जिथून पाणी निसटतं तिथून मासाही निसटतो. इरल्यावर पाऊस असा वाजत असायचा की आम्ही हातभर अंतरावरून ओरडून बोलायचो. एकदा मी मोठ्या उत्साहानं सापळ्याचं तोंड वरच्या अंगाला करून धरला. मामा ओरडले, ‘‘आरं तोंड खाली कर की! मासा खालनं वर निघालाय, तू वर तोंड करून कुणाची वाट बघतुयास?’’ (हशा) आणि हेच सापळे हस्ताच्या सुमाराला, पाऊस ओसरायला लागला की, उलटे लावायचे. तेव्हा मोठे मासे आणि पिल्लं खाचरातून ओढ्याकडं उतरतात, म्हणून तोंड वर. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, हे आपण पेरणीसाठी लक्षात ठेवतो. मामांच्या डोक्यात त्याच नक्षत्रांवर माशांचं वेळापत्रक होतं.

कामट्यांमधली फट किती? करंगळी सहज जाईल एवढी. मामा विणून झाल्यावर करंगळी घालत घालत सगळा सापळा फिरवायचे. बोट अडलं तर तेवढी ओळ उसवायची. त्या फटीतून बोटाएवढा मासा निघून जातो, आणि जाऊ दे म्हणूनच ती ठेवलेली असते. कुठल्या शाळेत शिकवलं होतं हे?

खेकड्यांचंही तसंच. पावसात बिळं भरली की खेकडा बाहेर येतो, उजेड अंगावर पडला की थबकतो. पाठीवरून अंगठा आणि तर्जनीत धरायचा, नांग्यांच्या मागून. धरल्याबरोबर मामा उलटा करून पोटाची झडप बघायचे. आपल्या घाटातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची अंडी फुटली की थेट इवलाले खेकडेच बाहेर येतात, आणि आई काही दिवस त्यांना त्या झडपेखाली वागवते. ‘‘लेकुरवाळी हाय,’’ म्हणायचे आणि सोडून द्यायचे. बिळात हात मात्र कधी घालू दिला नाही, कारण भरलेल्या बिळात खेकडाच असेल असं नाही, फडा काढून बसलेलंही कुणी असतं.

आता माझी तक्रार ऐका. तिच्यासाठीच मी हे व्याख्यान घेतलंय असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. (हशा) मध्यंतरी घाटमाथ्यावरच्या एका रिसॉर्टात जेवायला गेलो. नाव सांगत नाही, तुम्ही उद्याच गाड्या काढाल. टेबलाच्या डोक्यावर दिवा लोंबतोय, आणि दिव्याभोवती काय? आमचा सापळा! तोंड खाली, आतला नरसाळा कापून काढलेला, त्या जागी एलईडीचा बल्ब. मी मॅनेजरला बोलावलं. टाय लावलेला चुणचुणीत मुलगा आला. म्हणाला, ‘‘ट्रायबल लॅम्प आहे सर, आसामवरून मागवलाय.’’ म्हटलं, बाबा, आसामातही मासे धरतात, पण नीट बघ, हा शेपटाकडं सुतळीचा पीळ आहे, हा तिकडचा नव्हे. तर म्हणतो, ‘‘सर, आपल्याला पाहिजे असेल तर गिफ्ट शॉपमध्ये आहे.’’ किंमत ऐकून माझा घास हातातच राहिला. मामांनी हयातभर जेवढे सापळे विणले तेवढ्यांची मिळून तेवढी किंमत झाली नसेल. ताट वाढायला आलेला पोरगा जवळच्या वाडीतला होता. तो हळूच म्हणाला, ‘‘आमच्या आज्याकडं हुतं ह्ये. पावसात लावायचा.’’ मॅनेजरकडं बघून गप्प झाला आणि पापड आणायला गेला.

दिव्याचं एक वेळ सोडा. एका संग्रहालयात मी शिकारीच्या साधनांचं दालन बघायला गेलो होतो. बंदुकांची बनावट, साल, नळीची लांबी, सगळं कार्डावर. भाल्याच्या फाळाची लांबी. कातडी टोपी, पट्टे, हौदे. रयतेच्या हातची एकही गोष्ट नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘‘ती घरगुती वस्तू आहे, शिकारीत मोडत नाही.’’ म्हणजे राजानं काळवीट मारलं ती शिकार, आणि माझ्या मामांनी अंधारात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून वाम धरली ते घरकाम!

(चिठ्ठी वाचून) अध्यक्षांची चिठ्ठी आहे. सात मिनिटं. बाहेर पाऊस वाढलाय असंही लिहिलंय, ते मला भिववायला की तुम्हाला, कळत नाही.

तर आज, आणि कायदा. भराभर सांगतो.

सापळा जाऊन काय आलं? ओढ्यावर आता बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन जातात. पाण्यात करंट सोडला की मोठा मासा, बोटाएवढा मासा, झिंगे, बेडूक, सगळे एकदम पालथे पडतात. निवडायला वाव नाही. कुणी ब्लीचिंग पावडर टाकतं, कुणी जिलेटिन. पाण्यात स्फोटक आणि विष घालून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यानंच बंदी घातली आहे, इंग्रजांच्या काळापासून. आणि जिथं बांबूचा सापळा अजून आहे तिथं त्याला आतून मच्छरदाणी लावतात. करंगळीची फट गेली! समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, कारण तो विणीचा काळ. ओढ्यातल्या माशाची वीण त्याच दिवसांत होते, मृगात चढणाऱ्या मासळीच्या पोटात गाभोळीच असते. तिथं पहिला लोंढा सोडून द्यावा, पहिल्या पुराला बांधाची वाट उघडी ठेवावी, दुसऱ्या पाण्याला सापळा लावावा, एवढं गावानं ठरवलं तरी पुष्कळ झालं.

जंगलातल्या शिकारीबद्दल दोनच गोष्टी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, पकडणं, फास लावणं, आमिष ठेवणं आणि नुसता प्रयत्न करणंही येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. गवा त्यात आहे, बिबट्याही आहे. पावसात जंगलात पर्यटक नसतात, झाडोरा माजलेला असतो, पावसाच्या आवाजात पाऊल ऐकू येत नाही आणि माणसाचा वास धुऊन जातो. म्हणूनच दुचाकीच्या क्लच वायरचे फास याच दिवसांत लागतात. तात भिजून ढिली पडायची, वायर पडत नाही. फास डुकरासाठी लावला म्हणतात, अडकतो बिबट्या. ओल्या रानात कुंपणाला सोडलेला करंट तर शेतकऱ्यालाच घेऊन जातो. वनरक्षक या पावसात पायी फिरून वायरी गोळा करतात, त्यांच्यावर कुणी व्याख्यान ठेवत नाही. आणि दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यात, जे एकेकाळी राजांचं शिकारीचं रान होतं आणि १९५८ पासून अभयारण्य आहे, तिथं खेकडाही उचलायचा नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की सेल्फीसाठी जाता, तेव्हा पिशवी घरी ठेवून जा.

शेवटचा मुद्दा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तुमच्यापैकी ज्यांचं गाव घाटाकडं आहे त्यांनी ती मागून बघा. झाडांची नावं असतील, माशांची असतील. सापळा कुठला, कुठल्या नक्षत्रात, तोंड कुठल्या अंगाला, फट केवढी, हे लिहिलंय का बघा. नसेल तर विणणारा म्हातारा अजून आहे तोवर त्याच्याजवळ बसून लिहून घ्या, आणि चित्र काढताना नरसाळ्याची टोकं आतल्या बाजूला काढा. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा, अध्यक्ष उठून उभे राहिलेत.