‘४५० वॅट’ राहू द्या, बाराची ओळ वाचा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओपासून खाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. “ताई, कमी बजेटमध्ये पीसी बसवतोय, कॅबिनेटबरोबर एसएमपीएस (पॉवर सप्लाय) फुकट मिळतोय, तोच ठेवू का?” ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर नका ठेवू. का, ते आज नीट सांगते.

सुरुवातीचं पटकन उरकते. एसएमपीएस भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेतो आणि आत १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून वाटतो. फॅन गार हवा आत घेतात, गरम हवा बाहेर टाकतात. एवढं तुम्हाला माहीतच आहे.

आता खरा मुद्दा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, पीसीतले हे दोघं मोठे खाणारे. दोघांचंही पोट मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर भरतं. म्हणून डब्यावर केवढ्या मोठ्या अक्षरात ४५० लिहिलंय ते राहू द्या. एसएमपीएस आडवा करा, कडेचं स्टिकर शोधा, त्यात १२ व्होल्टखाली किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला बारानं गुणा.

माझ्या भाच्याचंच सांगते. तासगावला असतो. आय थ्री १२१००एफ प्रोसेसर, त्यावर सेकंडहँड १६६० सुपर कार्ड. पीसी सुरू व्हायचा, यूट्यूब चालायचं, आणि गेम लावला की पाच मिनिटांत खट्कन बंद. “आत्या, कार्डच खराब दिलं त्यानं,” म्हणून रडकुंडीला आला. मी म्हटलं, कार्ड राहू दे रे, आधी स्टिकरचा फोटो पाठव. वर ४५० वॅट, आणि बाराच्या ओळीत १४ ॲम्पिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॅट! कार्ड एकटं १२५ मागतं, प्रोसेसर जोरात पळाला की ८९ पर्यंत जातो. झाले २१४. त्या बिचाऱ्या एसएमपीएसनं आणायचे कुठनं? कार्डाची ८ पिनची वायर तर त्याला नव्हतीच, कन्व्हर्टर लावून दिला होता. तो हातात घेतला तर पांढरं प्लास्टिक चहासारखं तपकिरी झालेलं, आणि एक पिन वितळून चिकटलेली. मुलाच्या खोलीत रात्रभर हे चालू असायचं. मला खरंच घाबरायला झालं.

तेच वेगळ्या पद्धतीनं सांगते. आपल्याकडं ऊस घालणाऱ्याला ट्रॉली किती उंच रचलीय यावर पैसे मिळतात का? नाही. काट्यावर किती टन भरलं, ती पावती बघतात. ४५० हा आकडा म्हणजे रचलेली ट्रॉली, आणि बाराची ओळ म्हणजे पावती. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर त्या ओळीत ३५ ॲम्पिअरच्या आसपास लिहिलेलं असतं, म्हणजे ४२० वॅट फक्त बारावर.

आणि यात अजून एक गोम आहे, हिथं भलेभले फसतात. काही स्टिकरवर १२ व्होल्टच्या दोन ओळी असतात, दोन्हीकडं १८ ॲम्पिअर. लगेच बेरीज करून ३६ धरू नका. खाली दोन्हींचा मिळून एक वॅटचा आकडा दिलेला असतो. तो ३०० असेल तर तुमच्या हातात २५ ॲम्पिअरच आहेत. बाजूचा कितीही मोठा आकडा असू दे, हाच धरायचा.

एका दादांनी जरा रागानं लिहिलंय, “एटी प्लस म्हणजे ५०० चा घेतला तर ४०० च मिळणार, लूट आहे ही.” नाही हो दादा. एटी प्लस हा एसएमपीएस वीज किती कमी वाया घालवतो त्याचा शिक्का, आणि त्यातले ८० टक्के भिंतीकडून मोजायचे. पीसीला ३०० वॅट द्यायचे तर एसएमपीएस भिंतीतून ३७५ ओढणार, मधले ७५ उष्णता होऊन जाणार. ५०० चा चांगला एसएमपीएस पीसीला पूर्ण ५०० देतो. हा गैरसमज कृपा करून पुढं पाठवू नका. आणि मागं ११५/२३० चं लाल बटण असेल तर ते २३० वरच ठेवा. ११५ वर सरकवून चालू केलं की फट् आवाज आणि खेळ खलास.

आता फॅन. “सहा आरजीबी (रंगीत दिव्यांचे) फॅन लावलेत तरी पीसी तापतोय,” असंही बरेच जण लिहितात. फोटो बघितला तर पुढं आख्खी काच, श्वास घ्यायला जागाच नाही! पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. १२० मिलिमीटरचे दोन फॅन पुढून आत, एक मागून बाहेर, बजेट पीसीला एवढं पुरतं. फॅनच्या ज्या बाजूला पात्यांना आधार देणाऱ्या काड्या दिसतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. उलटा बसवलेला फॅन मी दर महिन्याला बघते. पैसे असतील तर ४ पिनचे फॅन घ्या, मदरबोर्ड त्यांचा वेग तापमानाप्रमाणं कमीजास्त करतो. फॅनसाठी वॅटची चिंता करू नका, साधा फॅन दोन-तीन वॅटच खातो. आणि मे महिन्यात सांगलीत खोलीच चाळीस अंशांवर असली, तर कुठलाही फॅन त्याखाली नेणार नाही, हेही धरून चाला.

धुळीचं मात्र मनावर घ्या. मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवरचा पीसी मी उघडला होता. पुढची जाळी पिवळी, पात्यांच्या कडेला हळदीचा ओलसर थर, बोटानं खरवडला तर मेणासारखा निघाला. फॅन फिरत होता, हवा येत नव्हती. गाळपाच्या दिवसांत कारखान्याजवळच्या घरांत तशीच काळी राख बसते. म्हणून बाहेर टाकणाऱ्या हवेपेक्षा आत घेणारी जास्त ठेवा, म्हणजे धूळ फटीतून न शिरता जाळीवर अडते. जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा, पूर्ण वाळवा, मगच लावा. ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं सोडलं की भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं.

एसएमपीएस विकत घ्यायच्या आधी बाराच्या ओळीचा आकडा आणि तुमच्या कार्डाचं नाव खाली लिहा. रात्री नऊनंतर मी एकेकाला उत्तर देते.