रँचवरच्या लाकडी घरात राहायला जाताय? आधी गेटचं ऐका

नमस्कार मंडळी! यलोस्टोनच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "ताई, मागे दिसणारं ते ओंडक्यांचं घर कुठलं? तिथे राहता येतं का?" येतं. अमेरिकेत वायोमिंग, मॉन्टाना, कोलोरॅडोत अशा बऱ्याच रँच, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या जागा, आहेत. मुख्य धंदा गुरांचा, आणि जोडीला एखादी लॉग केबिन पाहुण्यांसाठी.

बुकिंगचं पटकन उरकते. ड्यूड रँच, म्हणजे पाहुण्यांसाठी चालवलेली, वेगळी आणि वर्किंग रँच, म्हणजे गुरांचाच धंदा असलेली, वेगळी. ड्यूड रँचवर बहुतेक वेळा आठवड्याचं पॅकेज असतं, जेवण आणि घोडेस्वारी धरून. ही पद्धत जुनी आहे. ईटन बंधूंनी १९०४ साली नॉर्थ डकोटातली आपली रँच वायोमिंगमध्ये शेरिडनजवळ हलवली, तेव्हा त्यांच्याकडे पाहुणे येतच होते. १९२६ मध्ये तर ड्यूड रँचवाल्यांची संघटनाही निघाली. वर्किंग रँचवर मात्र बहुतेक ठिकाणी किल्ली हातात मिळते आणि स्वयंपाक आपला आपण. डाळ-तांदूळ, कणीक, मसाला शहरातूनच भरून न्या, कारण किराणा तासाभराच्या अंतरावर असू शकतो. झालं.

आता गेट. आजचा व्हिडिओ मी खरं तर यासाठीच करतेय.

रँचवर शिरल्यापासून केबिनपर्यंत तुम्हाला दोन-तीन गेटं लागतील. नियम एकच: गेट जसं दिसलं तसंच ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. सगळे मान डोलावतात आणि मग उघडं गेट दिसलं की "अरे, कुणीतरी विसरलं वाटतं" म्हणून लावून टाकतात!

मी राहिले होते त्या रँचवर हेच झालं. एका पाहुण्याने अगदी चांगल्या मनाने उघडं गेट लावलं. पाणी होतं पलीकडच्या कुरणात. जुलैचं ऊन, आणि अशा उन्हात एक गाय दिवसाला पन्नास लिटर पाणी सहज पिते. संध्याकाळी सगळा कळप कुंपणाला तोंड लावून हंबरत उभा. मालकीणबाई एक शब्द रागाने बोलल्या नाहीत, पण घोड्यावर बसून निघाल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिलाय.

आता बंद गेट उघडं टाकलं तर? "गुरं बाहेर जातील, परत आणतील." इतकं सोपं नाही हो. गाय साधारण २८३ दिवस गाभण असते. म्हणून वळू कळपात कधी सोडायचा हे मालक तारीख धरून ठरवतो, म्हणजे वासरं नेमक्या हंगामात येतात. एका रात्रीत वळू भलत्या कुरणात गेला, तर वासरू ऐन हिमवादळात जन्माला येऊ शकतं. आणि तिकडे पहिलटकर कालवडी असतील तर जास्तच धोका, कारण त्यांच्यासाठी लहान वासरं देणारा वळू मुद्दाम निवडलेला असतो. भलत्या वळूचं वासरू मोठं असलं की ते अडतं, आणि कालवड जिवानिशी जाऊ शकते. तुमचं गेट उघडं राहतं दोन मिनिटं, त्याचा भोग येतो नऊ महिन्यांनी, आणि तोही त्या मुक्या जिवाच्या वाट्याला.

तिसरं, ते लावायचं कसं. बरीच गेटं लोखंडी नसतात. काटेरी तारांचा पट्टा आणि टोकाला एक काठी, बस. काठीचं खालचं टोक आधी खांबाच्या खालच्या तारेच्या कडीत घाला. मग खांबाला खांदा लावून काठी जवळ ओढा आणि वरची कडी अडकवा. आधी खाली, मग वर. ताकद पुरत नसेल तर गाडीतल्या दुसऱ्या माणसाला बोलवा, पण सैल ठेवून जाऊ नका. दोन गाड्या असतील तर "मागचे लावतील" असं गृहीत धरू नका, आधीच बोलून ठरवा. आणि शंका आली तर मालकाला फोन करा. या फोनचा राग कुणालाच येत नाही.

हां, एका कमेंटला उत्तर द्यायचंय: "भिंतीच्या ओंडक्यांना एवढ्या भेगा, घर पडणार नाही ना?" नाही. ओंडका बाहेरून लवकर वाळतो आणि आतून सावकाश, म्हणून तो उभा चिरतो. रात्री कधी कडकन आवाज आला तरी घाबरू नका. ओंडके वाळताना आक्रसतात, भिंत हळूहळू खाली बसते, म्हणून खिडक्या-दारांच्या वर मुद्दाम जागा सोडलेली असते. दोन ओंडक्यांच्या मधल्या फटी भरतात त्याला चिंकिंग म्हणतात. पूर्वी माती, चुना, शेवाळ वापरायचे. मुलांना ते नखांनी उकरू देऊ नका, वारा आणि उंदीर दोन्ही तिथूनच आत येतात.

आणखी एक. "तुमची गुरं किती?" हे विचारू नका. तिकडे ते कुणाचा बँक बॅलन्स विचारल्यासारखं आहे. पाऊस कसा झाला, गवत कसं आहे, हे विचारा. मालक तासभर बोलेल.

"कधी जावं?" फेब्रुवारी ते एप्रिल बऱ्याच ठिकाणी वासरांचा हंगाम, कुणी रात्र-रात्र झोपत नाही. तेव्हा गेलात तर त्यांच्याकडून पाहुणचाराची अपेक्षा ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये गवत कापून गंजी लावतात. मला सप्टेंबर आवडतो. डोंगरावरची गुरं खाली आणायला सुरुवात होते आणि रात्री चूल पेटवण्याइतकी थंडी पडते. विमानाने जाणार असाल तर अस्वल अंगावर आलं तर मारायचा स्प्रे तिकडे पोचल्यावरच घ्या, विमानात तो सामानातही चालत नाही.